रात्रीचा कॅमेरा घेताय? आधी माणूस चालवून बघा

सायकल गेली त्या रात्री आमच्याकडे कॅमेरा चालू होता. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "अगं पण कॅमेरा होता ना?" होता. ८ मेगापिक्सेलचा, खोक्यावर मोठ्या अक्षरात फोर के, खाली नाईट व्हिजन ३० मीटर. सकाळी सायकल जागेवर नाही म्हणल्यावर आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो, नवऱ्याने रेकॉर्डिंग मागे मागे नेलं आणि रात्री २ वाजून ४० मिनिटांनी गेट उघडलं. पुढचं मिनिटभर कोणी काही बोललं नाही. शेवटी सासरे म्हणाले, "हे काय आहे? भूत आहे का?"

खरंच भूतच होतं. राखाडी रंगाचा एक लांबट ओघळ गेटमधून आत आला, सायकलपाशी थांबला तेव्हा जरासा माणसासारखा दिसला, पण तेव्हा त्याची पाठ आमच्याकडे होती. मग तो वळला आणि परत ओघळ झाला, आणि गंमत म्हणजे त्याच्या आरपार गेटचे गज दिसत होते. नवऱ्याने एकेक फ्रेम पुढे करून बघितली, पॉज केलं, झूम केलं, टीव्हीजवळ जाऊन उभा राहिला. काही नाही. चेहऱ्याच्या जागी अंगठ्याने पुसलेल्या पेन्सिलीसारखा डाग.

माझ्या डोक्यात मात्र वेगळीच गोष्ट अडकली. त्याच फ्रेममध्ये गेट इतकं स्वच्छ दिसत होतं की कडीजवळ रंग उडालाय तेसुद्धा कळत होतं. म्हणजे अंधार असूनही गेट दिसतंय आणि माणूस दिसत नाही, हे कसं काय? घरात बाकीच्यांनी "कॅमेराच बेकार" म्हणून विषय संपवला, मी पुढचे दोन महिने याच्यातच गुंतले. आता नातेवाईकांत कोणालाही कॅमेरा घ्यायचा असला की फोन मला येतो, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतेय.

तर गेट दिसतं कारण गेट हलत नाही. अंधारात कॅमेऱ्यापुढे उजेड कमी पडला की त्याच्या हातात साधारण तीनच युक्त्या असतात. शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं म्हणजे एकेका फ्रेमसाठी जास्त वेळ उजेड गोळा होतो. गेन वाढवायचा म्हणजे आलेला अशक्त सिग्नल वर खेचायचा, त्यात चित्रावर मुंग्या येतात. आणि मग त्या मुंग्या घालवायला आधीच्या दोन-चार फ्रेम एकात एक मिसळायच्या, ह्याला सेटिंगमध्ये थ्रीडी डीएनआर म्हणतात. ह्या तिन्ही युक्त्या उभ्या गाडीवर, भिंतीवर, गेटवर मस्त चालतात, चित्र अगदी लखलखीत होतं. पण चालता माणूस त्या मिसळामिसळीत वाटला जातो, थोडा ह्या फ्रेममध्ये थोडा त्या फ्रेममध्ये, म्हणून त्याच्या आरपार गज दिसतात. जाहिरातीतले रात्रीचे फोटो आता बघा एकदा. रिकामा रस्ता, पार्क केलेली गाडी, झाडं. माणूस असलाच तर पोज देऊन उभा. उगाच नाही ते.

हिशोब करून बघितला तर अजून डोळे उघडले. माणूस साधं चालतो तेव्हा सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो. आमच्या कॅमेऱ्यात स्लो शटर चालू होतं आणि मर्यादा १/६ सेकंद अशी होती. म्हणजे एक फ्रेम घेईपर्यंत माणूस जवळजवळ २३ सेंटीमीटर सरकतो. आपला चेहराच जेमतेम १५ सेंटीमीटर रुंद! म्हणजे एका फ्रेममध्ये नाक कानाच्याही पलीकडे जाऊन पोचतं. १/२५ ला हेच साडेपाच सेंटीमीटर होतं, अजूनही चांगलं नाही पण ओळखीचा माणूस ओळखू येतो. १/१०० ला दीड सेंटीमीटरपेक्षा कमी, तिथे चेहरा चेहऱ्यासारखा दिसायला लागतो. हा आडवा चालणाऱ्या माणसाचा हिशोब झाला. तोच माणूस सरळ कॅमेऱ्याकडे चालत आला तर ओघळ बराच कमी होतो, म्हणून कॅमेरा शक्यतो येण्याच्या वाटेच्या समोर लावायचा, बाजूने नाही. आमचा अर्थातच बाजूने होता.

सेटिंगमध्ये शिरले तेव्हा आधी एक वेगळाच धक्का बसला, पासवर्ड कारखान्यातून आलेलाच होता. चार वर्षं. रात्रीच्या विषयाशी त्याचा संबंध नाही पण सांगते, २०१६ मध्ये मिराई नावाचा जो प्रकार झाला तो ह्याच भरवशावर झाला होता, मूळ पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन त्यांच्याकडून मोठमोठ्या साईट पाडल्या होत्या. तर तेही एकदा तपासून घ्या.

मग मी स्लो शटर बंद केलं, मर्यादा १/२५ वर आणली आणि थ्रीडी डीएनआर ५० वरून २० ला. रात्री अकराला नवऱ्याला म्हणलं, जा, गेटपासून सायकलीच्या जागेपर्यंत चाल. नेहमीसारखं चाल, हळू नको. तो काळं जॅकेट घालून गेला, चोरासारखं दिसायला हवं म्हणे. मी आणि सासरे आत मोबाईलवर बघत होतो. आणि सासरे विचारतात, "हा पांढऱ्या कपड्यातला कोण आलाय?"

हे बघून मी दोन मिनिटं हसत होते पण मग लक्षात आलं की हे साधं नाही. रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर, म्हणजे आयआरवर जातो, संध्याकाळी कॅमेऱ्यातून टक् असा बारीक आवाज येतो ना, तो आतला आयआर कट फिल्टर बाजूला सरकल्याचा. दिवसा तो फिल्टर इन्फ्रारेड अडवतो नाहीतर रंग बिघडतात, रात्री तो सरकतो आणि चित्र काळं-पांढरं होतं. त्यानंतर कॅमेरा बघतो तो उजेड आपल्याला दिसतच नाही, आणि सिंथेटिक कापडाचे बरेच काळे रंग तो उजेड शोषत नाहीत, सरळ परत पाठवतात. म्हणून काळं जॅकेट पांढरं फटक, झाडाची पानं पांढरी, बर्फ पडल्यासारखी. तेव्हा आयआरच्या फुटेजवरून कोणाला "पांढऱ्या शर्टातला माणूस होता" असं छातीठोकपणे सांगू नका. आम्ही सायकलीच्या वेळी तेच सांगून बसलो होतो.

बरं, शटर बदलून काय झालं? चित्र काळवंडलं, मुंग्या आल्या, दिसायला आधीपेक्षा वाईट. पण पॉज केलं तर नवरा नवरा होता. दाढी कळत होती. म्हणजे "सुंदर दिसणारं" आणि "कामाचं" ह्यात रात्री सरळ भांडण आहे, आणि कंपनी आपल्याला सुंदर दिसणारं लावून देते कारण आपण बघताना रिकामं अंगणच बघतो.

दुसऱ्या रात्री बल्बचा प्रयोग. हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. गेटच्या खांबावर ९ वॉटचा साधा एलईडी बल्ब, पिवळसर. सासऱ्यांचा विरोध होता, रात्रभर दिवा जाळायचा म्हणजे काय! त्यांना हिशोब करून दाखवला, ९ वॉट गुणिले १० तास म्हणजे ९० वॉट-तास, महिन्याला तीन युनिटसुद्धा होत नाहीत. मग गप्प बसले, म्हणजे पटलं असं नाही पण गप्प बसले. आणि त्या एका बल्बने जो फरक पडला तो पुढे नवीन कॅमेऱ्यानेही पडला नाही, खरं सांगते. कारण उजेड कॅमेऱ्यातून न येता बाजूने आला. कॅमेऱ्याच्या तोंडावरचेच एलईडी चेहऱ्यावर सरळ समोरून पडतात, त्यात नाक-डोळे-गाल सगळं सपाट होतं, मोबाईलचा फ्लॅश अगदी तोंडावर मारल्यासारखं. बाजूने उजेड आला की सावल्या पडतात आणि चेहऱ्याला आकार येतो. शिवाय अंतराचा मुद्दा आहेच, उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, दुप्पट लांब गेलात की चौथा हिस्सा उरतो. कॅमेऱ्याचा आयआर सात मीटर जाऊन गेटवर पोचेपर्यंत मरगळतो आणि गेटजवळचा बल्ब गेटपासून दोन मीटरवर असतो.

खोक्यावरचे "३० मीटर" म्हणजे काय हेही त्याच रात्री कळलं. ३० मीटरवर काहीतरी हललं एवढं कळेल, बस. कोण हललं ते नाही. ह्याची एक पद्धतशीर मोजपट्टी आहे, आयईसी ६२६७६-४ नावाच्या स्टँडर्डच्या २०१४ च्या आवृत्तीत, तिला डोरी म्हणतात. त्या जागेवरच्या एका मीटर रुंदीला चित्रात किती पिक्सेल मिळतात त्यावरून ठरतं: २५ मिळाले तर काहीतरी आहे एवढं कळतं, १२५ ला ओळखीचा माणूस ओळखता येतो, आणि २५० ला अनोळखी माणसाचीही खात्रीने ओळख पटवता येते. आता २ मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं, भागिले २५० म्हणजे साधारण पावणेआठ मीटर. म्हणजे चित्रात जिथे पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंद भाग मावतो तिथल्या माणसाची खात्रीची ओळख विसरा. २.८ एमएमची लेन्स इतकी पसरट बघते की ही मर्यादा तीन-साडेतीन मीटरवरच येते. हो, तीन मीटर! आणि घरांवर लावलेले बहुतेक कॅमेरे २.८ चेच असतात कारण "सगळं कव्हर होतं". सगळं कव्हर होतं पण कोणीच ओळखू येत नाही.

आमचा ८ मेगापिक्सेलचा होता म्हणून गेटपाशी मीटरला सव्वादोनशे-अडीचशे पिक्सेल पडत होते, कागदावर जेमतेम पास. पण हा हिशोब दिवसाचा. रात्री २३ सेंटीमीटर ओघळ म्हणजे पन्नासेक पिक्सेल लांबीचा ओघळ, मग ते फोर के काय चाटायचंय? नवऱ्याला हे पटवायला वेळ लागला, त्याचं म्हणणं की मेगापिक्सेल जास्त म्हणजे चांगलंच असणार. दिवसा हो. रात्री सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चकती, केवढा आहे ते आधी बघायचं आणि त्यावर किती पिक्सेल कोंबलेत ते नंतर.

इथे एक सापळा आहे. सेन्सरचा आकार १/२.८ इंच, १/१.८ इंच असा लिहितात. सासऱ्यांनी यादी बघून लगेच सांगितलं, "२.८ वाला घ्या, मोठा आहे." उलटं आहे. हा अपूर्णांक आहे, खालचा आकडा मोठा तेवढा सेन्सर लहान. १/१.८ चं क्षेत्रफळ १/२.८ च्या दुपटीहून जास्त भरतं. आता १/२.८ इंचाच्या सेन्सरवर २ मेगापिक्सेल असतील तर एकेक पिक्सेल साधारण २.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तेवढ्याच जागेत ८ कोंबले की १.४५ मायक्रॉन, म्हणजे बाजू निम्मी आणि क्षेत्रफळ पाव. प्रत्येक पिक्सेलला पाव उजेड. आणि १/१.८ इंचावर ४ मेगापिक्सेल घेतले की परत २.९ मायक्रॉन. म्हणून रात्रीसाठी विचाराल तर माझं सरळ मत, १/१.८ इंच आणि ४ मेगापिक्सेल, ह्या जोडीच्या आसपास बघा. ८ हवेच असतील तर १/१.२ इंचाचा सेन्सर असलेला बघा, मिळतात, पण खिशाची तयारी ठेवा. सेन्सरचं नाव दिलेलं असेल तर शोधून बघता येतं, सोनीच्या स्टारविस मालिकेतले बरेच जण वापरतात, आयएमएक्स ३२७ हा २ मेगापिक्सेलचा जुना आणि भरवशाचा, आयएमएक्स ६७८ म्हणजे १/१.८ वर ८, आयएमएक्स ५८५ म्हणजे १/१.२ वर ८. पानभर फीचर लिहून सेन्सरचा आकारच लिहिलेला नसेल तर समजून जायचं, सांगण्यासारखा नाहीये.

लेन्सचा एफ नंबर, म्हणजे ती किती उजेड आत घेते तो आकडा, पण उलटाच, लहान तेवढा चांगला. एफ २.० च्या जागी एफ १.६ घेतलं की दीडपट उजेड, एफ १.० घेतलं की चौपट. रात्री रंगीत दाखवणारे कॅमेरे बहुतेक एफ १.० च्या भरवशावरच चालतात. त्याची एक किंमत असते, फोकसची खोली कमी होते, लांबचं नीट असेल तर अगदी दारात आलेला माणूस जरा मऊ दिसू शकतो. मला चालतं.

आणि लक्सचे आकडे, लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. ०.००५ लक्स, ०.०००५ लक्स, वाचायला भारी वाटतं. पौर्णिमेच्या चांदण्यात ०.१ ते ०.३ लक्स उजेड असतो, त्यावरून अंदाज घ्या हे काय म्हणतायत. तो आकडा कुठल्या शटरवर, किती गेन लावून आणि कसलं चित्र मिळालं तर "दिसलं" म्हणायचं, हे कोणी लिहीत नाही. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं तर अमावास्येलाही काहीतरी दिसेलच की. "आयआर चालू असताना ० लक्स" हे तर निव्वळ "टॉर्च लावल्यावर अंधारात दिसतं" असं आहे. मी तो आकडा वाचतच नाही आता.

तर तिसऱ्या टप्प्यात गेटसाठी एक नवीन कॅमेरा घेतला, १/१.८ इंच, ४ मेगापिक्सेल, एफ १.०, आणि लेन्स ६ एमएम. ६ एमएम वर घरात बराच वाद झाला कारण त्यात फक्त गेट आणि आजूबाजूचं थोडं दिसतं, सात मीटरवर जेमतेम साडेआठ मीटर रुंदी. पण मीटरला ३०० च्या आसपास पिक्सेल पडतात. जुना फोर के सगळं अंगण बघायला ठेवला, नवीन फक्त चेहरे बघतो. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात. गाडीच्या नंबर प्लेटचं तर तिसरंच काम आहे, प्लेटवर आयआर पडला की ती आरशासारखी भडकते, तिच्यासाठी शटर १/५०० सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ उघडं ठेवावं लागतं आणि मग बाकी सगळं चित्र काळं. त्याच्या नादाला आम्ही लागलो नाही.

जुन्या रेकॉर्डरला नवीन कंपनीचा कॅमेरा जोडायचा असेल तर दोघांकडे ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलतात ती पद्धत) आहे का बघा, आणि रेकॉर्डरला एच २६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) कळतं का तेही. आमचं एका संध्याकाळी जमलं. जागेचा हिशोब पण रात्र धरून करा, मुंग्या आल्या की त्या प्रत्येक मुंगीला कॅमेरा हालचाल समजून डेटा खर्च करतो. ४ एमबीपीएस बिटरेटने (सेकंदाला ४ मेगाबिट डेटा) एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो, १ टीबीमध्ये तेवीस दिवस. बिटरेट फार दाबला तर पहिला बळी अंधारातल्या चेहऱ्याचा जातो, तेव्हा तिथे काटकसर नको.

आता ते रात्री रंगीत दाखवण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न ह्यावरच येतात. रंगीत चित्रात शर्टचा रंग खरा असतो, सायकल लाल की निळी ते कळतं, मोठा फायदा आहे. पण रंगीतला खरा उजेड लागतो. रस्त्यावरचा दिवा किंवा तुमचा बल्ब असेल तर छान, नसेल तर कॅमेरा स्वतःचा पांढरा एलईडी लावतो आणि मग तुमच्याबरोबर समोरच्या घराच्या बेडरूममध्येही उजेड. दोन्ही प्रकारचे दिवे असलेले येतात ते मला बरे वाटतात, एरवी आयआरवर आणि माणूस दिसला की पांढरा लागतो. आलेला माणूस दचकून वर बघतो आणि तेवढ्यात त्याचा चेहरा समोरून मिळतो. आमच्याकडे बल्ब आहे म्हणून पांढरा एलईडी बंदच ठेवलाय, रंगीत चालतं. आयआरमध्ये ८५० नॅनोमीटर आणि ९४० असे दोन प्रकार. ८५० ला एलईडी अंधारात मंद लालसर दिसतात, ९४० ला काहीच दिसत नाही पण सेन्सरलाही तो उजेड कमी दिसतो, त्यामुळे पल्ला घटतो. घराबाहेर ८५० घ्या. कॅमेरा आहे हे कळलं तर काय बिघडलं?

बॅटरीवाल्या वायरलेस कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. ते झोपलेले असतात, अंगाच्या उष्णतेची हालचाल पीआयआर सेन्सरला कळली की जागे होतात, आणि जागे होईपर्यंत चालणारा माणूस दोन पावलं पुढे गेलेला असतो. पीआयआरला आडवा जाणारा चांगला कळतो आणि सरळ अंगावर येणारा कमी, म्हणजे शटरच्या बरोबर उलटं. काचेमागून तर तो काहीच ओळखत नाही. वायर नेणं अशक्यच असेल तिथे ठीक.

काचेवरून आठवलं, खिडकीच्या आतून बाहेर बघणारा कॅमेरा लावणार असाल तर रात्री त्याचा आयआर बंद करा, नाहीतर काचेवर आपटून तोच उजेड परत येतो आणि रात्रभर एक पांढरा गोळा रेकॉर्ड होतो. डोम कॅमेऱ्याच्या प्लास्टिकच्या घुमटावर धूळ किंवा ओरखडे असले तरी तसंच धुकं येतं. पांढरी भिंत, पन्हाळीचा पाईप असं काही कॅमेऱ्याच्या अगदी नाकासमोर असेल तर तेच भडकतं आणि कॅमेरा "अरे उजेड भरपूर आहे" समजून बाकी चित्र काळं करतो. आमच्याकडे हे काम एक कोळी करायचा. कॅमेऱ्यापुढच्या जाळ्याचा एक धागा वाऱ्याने हलला की आयआरमध्ये पांढरी दोरी हलल्यासारखी दिसते आणि मोबाईल रात्रभर वाजतो. सासरे दर पंधरा दिवसांनी काठीला फडकं बांधून जातात, आणि दर पंधरा दिवसांनी तो परत येतो.

राहिला मागच्या बाजूचा कॅमेरा, त्याची तऱ्हा सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो रोज संध्याकाळी अंधार पडला की बंद पडायचा, मिनिटभराने चालू, परत बंद. सकाळी एकदम शहाणा. बसवणाऱ्या माणसाने कॅमेरा दोनदा बदलून दिला, नवीनही तसाच वागला. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे नेटचा प्रॉब्लेम आहे." नेट कसलं डोंबलाचं! नवरा एका संध्याकाळी शिडीवर व्होल्टमीटर घेऊन बसला. दिवसा कॅमेऱ्यापाशी ११ व्होल्टच्या वर यायचे, टक् झालं, आयआर लागला आणि आकडा धाडकन ९ च्या खाली. अॅडॉप्टर घरात आणि तिथून वीस-पंचवीस मीटर केसासारखी बारीक वायर, आयआर लागला की करंट वाढतो, मग वायरमध्येच व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट. परत चालू, परत आयआर, परत खाली. जाड वायर टाकल्यावर तो रोग गेला. नवीन घेताना म्हणूनच पीओई घ्या, एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही, १०० मीटरपर्यंत ही भानगड नाही.

उंचीबद्दल एकच, अडीच ते तीन मीटर. पार वर गच्चीला लावला की कोणी तोडणार नाही हे खरं पण टोप्या आणि टक्कल सोडून काही दिसत नाही.

आणि घेण्याआधी काय करायचं, तर विकणाऱ्याला नुसता फोटो नका मागू, रात्रीचं रेकॉर्डिंग मागा, ज्यात माणूस चालतोय, आणि ते तुमच्या हाताने पॉज करा. नाही म्हणाला तर परत करायची मुदत असेल तिथून घ्या आणि पहिल्याच रात्री घरातल्या कोणालातरी चालवा. एकदा आडवं, एकदा समोरून, एकदा टोपी घालून. मी तर दिराला पळवलंही होतं, त्याचीच सायकल होती, तो हौसेने पळाला. पळताना १/२५ ला परत भूतच झालं त्याचं. १/१०० ठेवलं तेव्हा शर्टावरची अक्षरं वाचता आली, पण ते बल्बच्या जोरावर. बल्ब बंद करून १/१०० ठेवून बघा, काळ्या पाटीशिवाय काही दिसणार नाही.

सायकल काही मिळाली नाही. गेटवर परवा पहाटे साडेतीनला एक मांजर चढलं, त्याच्या मिशा मोजता येत होत्या, सासऱ्यांनी ती क्लिप सगळ्या ग्रुपवर टाकली. मागच्या बाजूला अजून जुनाच कॅमेरा आहे, तिथेही बल्ब लावू म्हणून काल नवऱ्याने लावला. बरोब्बर कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर. आता मागचं अंगण म्हणजे एक मोठा पिवळा सूर्य आणि भोवती काळोख, उद्या परत शिडी काढायची आहे.